वनमालाने परत आणलेला कीबोर्ड

अंधेरीला सीप्झच्या बसस्टॉपवर रांगेत माझ्या पुढे बापलेक उभे होते.

“वनमाला, काल जेवताना मला नीट कळलं नाही. त्या कॉम्प्युटरवर तू काय केलंस?”

“बाबा, हळू. आमच्याकडे एक डीबगर आहे, दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारा. शोधायला तो दुसरा प्रोग्राम चालवावा लागतो. तेवढा वेळ कीबोर्ड त्याच्या ताब्यात.”

“मग?”

“तो दुसरा मध्येच थांबवला की डीबगरने कीबोर्ड परत घ्यायचा. तेच आमचा डीबगर विसरायचा. मग कुठलंही बटण दाबा, मशीन ढिम्म.”

“महिनाभर कुणालाच जमलं नव्हतं ना? जरा मोठ्याने सांग.”

“नव्हतं. मी केलं. शिवाय फायलींची लांबलचक नावं बदलली. नव्या मशीनवर ती मावत नव्हती.”

“एकटीने?”

“एकटीने.”

“साहेब काय म्हणाले?”

“आता हे काम माझ्याकडेच. पण बाबा, काल हे सगळं तुम्ही दोनदा वदवून घेतलंत!”

“माका कालच कळला गो. पन ह्या लायनीक खंय ठावक होता?”