लहानूभाऊचा युरिया

तुम्ही हसान, पण मी एम.एस्सी. झालो तो धानाच्या खतावर. ब्रह्मपुरीले होतो तेव्हा. फायनलचं प्रॅक्टिकल. तीन जिन्नस एकाच चंबूत एकदम टाकायचे, वरून आम्लाचे दोन थेंब, अन् उकळत ठेवायचं. थंड झालं का खाली पांढरे खडे; हिशेबानं पडाले पाह्यजे त्यातले किती टक्के पडले, तो आपला उतारा. त्या तीन जिनसातला एक युरिया, अन् त्याची एकुलती एक बाटली माह्या हातून मोरीत पडून फुटली.

मी रडकुंडीले आलो. आमचे लॅब अटेंडंट लहानूभाऊ म्हणाले, "काऊन रडून राह्यला? युरियाच पाह्यजे ना?" सायकल काढून घरी गेले, अन् पेपरच्या पुडीत मूठभर घेऊन आले. धानाच्या बांधीत टाकून उरलेला!

टाकला तसाच. अन् खडे असे पडले का जशी साखर.

परीक्षक पुण्याचे. खडे पाहून खूश झाले. "वा! इतका युरिया टाकलात, उतारा किती आला?"

मी तोंड उघडाच्या आत लहानूभाऊ म्हणाले, "एकरी बारा पोते, साहेब."

मग मले सगळं कबूल करा लागलं. वाटलं, गेलं वर्ष. पण सर पोट धरून हसले अन् डोळे पुसत म्हणाले, "बरं, तुझा उतारा किती?"

"सत्तर टक्के, सर."

लहानूभाऊले ते काही पटलं नाई. चंबूत वाकून पाहत म्हणाले, "सत्तरच? थोडं शेणखत टाकाले पाह्यजे होतं ना बे!"