हजर न्हाई

—न्हाई रं, टोपी काढू नगंस, सरळ कर नुसती. आन आत गेलास की पहिला नमस्कार, मग उभंच राहायचं. साहेब बस म्हणंपतोर खुर्चीला हात लावायचा न्हाई. कागद मागितला तर दोन्ही हातांनी द्यायचा. येत नसलं तर येत न्हाई म्हणायचं, आढ्याकडं बघत बसायचं न्हाई — ह्या साहेबाला त्याचा लय राग. मला कसं ठावं? आरं, पंधरा वर्सं झाली, साताऱ्याच्या ह्या कचेरीत दारावर शिपाई हाय मी. आकाराम म्हणत्यात मला. मास्तरकीला आलेली किती पोरं ह्या बाकड्यावर घामाघूम झालेली बघितली. नाव पुकारायचं काम माझं. तेवढंच काम, पन —

म्हसवडचा म्हणालास न्हवं तू? तिकडलाच एक आल्ता, कृष्णात नावाचा. लढाई चालू व्हती तवा, पाच वर्सं झाली आसतील. सातवीच्या फायनल परीक्षेला तालुक्यात पहिला. तू बसलायस तितंच बसलावता. जागा एक, पोरं दोन. दुसरा कोन? दुसरा माझा भाचा, लालासाहेब, माझ्या बहिणीचा, साळूबाईचा. फायनलला दोनदा आपटून तिसऱ्यांदा कसाबसा निघालेला. साळूबाईला नवरा न्हाई, आदल्या दिशी घरी येऊन बसली — दादा, तुझ्याच दारातनं तर जायचंय त्याला. मी काय साहेब हाय का, म्हणालो तिला. पन ते डोक्यात राहिलंच. सकाळी कृष्णातच्या अर्जावरचं अक्षर बघितलं आन कळलं. ह्याच्यापुढं आपलं पोरगं टिकत न्हाई.

म्या काय केलं? काय न्हाई. बाहेर आलो, म्हणालो, साहेब फिरतीवर गेल्यात, उद्या ये. तो गेला बी, उलट मलाच राम राम करून. आत जाऊन सांगितलं, हजर न्हाई. दोन शबुद. साहेबानं नावावर रेघ मारली.

दुसऱ्या दिशी आला की तो. तोच सदरा, धुऊन परत घातलेला, कॉलर अजून वली. साहेबानं इचारलं, काल कुठं व्हतास? मी दारात उभा. त्यानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. म्या मान खाली घातली. आन तो साहेबाला काय म्हणाला ठावं हाय? "चूक माझीच झाली, साहेब." माझं नाव घेतलं आसतं तर माझी नोकरी गेली आसती — बरं झालं आसतं. बाहेर येऊन पानी मागितलं. पिऊन झाल्यावर हळूच म्हणाला, "मामा, तो दुसरा तुमचा कोण?"

भाचा, म्हणालो. त्यानं मान हलवली, गणित सुटल्यावानी. तांब्या खाली ठेवला आन गेला. पुढं पलटणीत भरती झाला म्हणं. माघारी आला का? तू तिकडलाच, तुला ठाऊक आसंल — न्हाई, नगं सांगूस. नगं.

लालासाहेबाला यातलं काय बी ठावं न्हाई. गुरुजी म्हणत्यात त्याला आता, माझ्याच धाकटीला शिकवतो. चांगला शिकवतो म्हणं. त्या शाळेच्या रस्त्यानं मी जात न्हाई.

आज? आज बी एकच जागा. पायरीवर बसलाय न्हवं तो, निळ्या कोटातला — मानसिंग, साळूबाईचा धाकटा. परवा ती परत आल्ती. म्या व्हय म्हणालो न्हाई... न्हाई बी म्हणालो न्हाई. खोटं कशाला बोलू, सकाळी तू फाटकातनं आत आलास तवा तेच वाक्य जिभेवर व्हतं माझ्या — साहेब फिरतीवर गेल्यात, उद्या ये. तुझं गाव इचारलं, आन तितंच अडकलं.

घंटी वाजली बघ. ऊठ, तुझंच नाव हाय पहिलं. काय? आभार? कसलं आभार रं — माझ्यासंगं बोलू नगंस आता. जा. जा म्हणतो न्हवं आत.