वाटेवर गप्प राहायचं नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, गावचे सरपंच मुखरूभाऊ. मुख्याध्यापिका आदरणीय रंजीता मॅडम. गणिताचे प्रफुल सर, ज्यांच्याबद्दल मी आज जरा जास्तच बोलणार आहे, तेव्हा त्यांनी आताच पाणी पिऊन घ्यावं. समोर बसलेले पालक, भाऊ आणि बाया. आणि दहावीच्या माझ्या पोरींनो, ज्या सकाळपासून नुसत्या हसत सुटल्या आहात.

मी ठमाबाई गुरनुले. शिक्षिका नाही, पालकही नाही. माईकसमोर आज पहिल्यांदाच उभी आहे. आत्ता येताना या पोरींतली चंचल म्हणाली, “काकू, माईक तोंडाजवळ घ्या, चावत नाई तो.” तेव्हा घेतला आहे. पुस्तकातली मराठी बोलायचं ठरवून आले आहे. मध्येच घसरले तर हसा, पण हळू.

पाहुण्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. आमच्या टोल्यावरून, म्हणजे पलीकडच्या छोट्या वस्तीवरून, या शाळेत यायचं तर जंगलाची वाट. माझे मालक मोहफुलं वेचायला गेले होते, त्यांना वाघानं नेलं. त्यानंतर टोल्यातल्या पोरींची शाळा बंद व्हायची वेळ आली. मी म्हटलं, मी जाते त्यांच्यासोबत. लोक म्हणाले, बाई, तुम्ही काय वाघाला काठीनं हाकलणार? मी म्हटलं, काठी कशाला, या पोरी इतक्या बडबडतात की तोच दुसरीकडे राहायला जाईल.

तेव्हापासून आमच्या वाटेचा एकच नियम आहे. गप्प राहायचं नाही. माणसाचा आवाज आला की जनावर बाजूला होतं, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असतं. मग कोणी पाढे म्हणायचं, कोणी गाणं, कोणी भांडायचं. काहीच सुचलं नाही तर मी पुस्तक मोठ्यानं वाचायची. दिवसभर मी इथेच शाळेच्या व्हरांड्यात बसून असते ना? एकटीनं परत कशी जाणार? रंजीता मॅडमनी पुस्तकांच्या कपाटाची किल्लीच माझ्या हाती दिली. सातवीत सुटलेलं माझं वाचन त्या व्हरांड्यात पुन्हा सुरू झालं.

त्या कपाटात वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी एक पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, रोज थोडा वेळ एकांतात शांत बसा आणि स्वतःला विचारा, मी कोण आहे? मी ते वाटेवर वाचून दाखवलं. चंचल म्हणाली, “काकू, आपल्या जंगलात एकांतात शांत बसलं तर ‘मी कोण’ ते वाघच ठरवून टाकन.”

हसता काय? बरोबरच बोलली ती. शहरातली पोरं आरशासमोर बसून स्वतःला ओळखत असतील. आमच्या पोरींनी स्वतःला चालता चालता, ओरडून ओरडून ओळखलं. कोणाला पायलट व्हायचं आहे, कोणाला नुसतंच लठ्ठ व्हायचं आहे, कोणाला कोण आवडतं... घाबरू नका गं, नावं घेत नाही. तुमचे बाप समोर बसले आहेत.

पण एक पोरगी बोलायची नाही. दिव्यानी. धनराजभाऊंची लेक, ती बघा, खांबाआड लपली.

आठवीत तिचा आवाज बदलला. पोरांचा बदलतो, तसा जाड झाला. प्रार्थनेत तिनं तोंड उघडलं की आख्खी रांग मागं वळून बघायची. कोणी रेडा म्हटलं, कोणी भोंगा. तिनं तोंडच मिटून घेतलं. घरी ‘हो’ अन् ‘नाही’, वाटेवर तेही नाही. पोरी वैतागल्या. म्हणाल्या, ही आवाज करत नसेल तर हिनं आमच्यासोबत येऊ नये. आम्ही ओरडायचं अन् हिनं फुकट शाळेत जायचं? धनराजभाऊ म्हणाले, ठीक आहे, मग मिरचीला चल. हिवाळ्यात आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, घरंच्या घरं रिकामी होतात. एकदा पोरगी त्या गाडीत बसली की शाळा संपली, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी सोमवारी निघणार होती.

आणि शनिवारी सकाळी, प्रफुल सर, आता तुमचा नंबर.

त्या दिवशी पोरींचं आपसात भांडण झालेलं. कशावरून? केसांच्या एका क्लिपवरून. सगळ्यांचा सगळ्यांशी अबोला. माझा घसा बसलेला. आणि आम्ही, ज्यांचा नियम गप्प न राहण्याचा, त्या नाल्याजवळ मुक्यानं चाललो होतो. तेवढ्यात बोरीच्या झुडपात सळसळ झाली. पानांआड काहीतरी पिवळं हललं. चंचल माझ्या पदराला चिकटली, मी चंचलला. कोणाच्या तोंडून हू नाही की चू नाही.

मागून आवाज आला. मला वाटलं जंगल खात्याचा कोणी गडी आला.

“कोन आहे रे तिकडं? निघ बाहेर! नाईतर आमी सगळ्या येतो!”

झाडावरची पाखरं उडाली. मागं वळून बघते तर दिव्यानी! झुडपातून दोन हात वर आले, मागोमाग पिवळं स्वेटर. “अगं मी आहो, मी! बोरं तोडून राह्यलो होतो!”

सर, तुमच्या रुमालातली बोरं आम्हीच खाल्ली, हे आज सांगून टाकते. तुम्ही एकच वाक्य बोललात आणि गाडीला किक मारलीत. म्हणालात, वाघ असता तर तोही हात वर करून निघाला असता. पोरी हसून हसून वाटेतच बसल्या. दिव्यानीही हसली, त्याच जाड आवाजात. मग शाळेपर्यंत ती जी बोलत सुटली, ती बोलतच सुटली. आठवीपासूनचं सगळं तुंबलेलं होतं. क्लिपवाल्या भांडणाचा निकालही तिनंच लावला.

दुसऱ्या दिवशी धनराजभाऊ गाठोडं बांधत होते. मी गेले होते विनवायला. माझं काही कामच पडलं नाही. पोरगी आतून म्हणाली, “बाबा, मी मिरचीले येत नाई. मी काकूकडे राहीन अन् शाळेत जाईन.”

भाऊ म्हणाले, “एवढ्या मोठ्यानं काऊन बोलतेस? बहिरा आहो का मी?”

“नाई. पण हळू बोलली तं तुमी ऐकून नाई राह्यले.”

शेजारच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली होती. धनराजभाऊंनी गाठोडं सोडलं आणि त्यातून तिचे कपडे काढून माझ्या हातात दिले. तेव्हापासून तिचे सगळे हिवाळे माझ्या घरात गेले. मुकं झालेलं घर होतं ते. आता त्यात भूगोलसुद्धा ओरडून पाठ होतो.

आता ती अकरावीला चंद्रपूरला जाणार. जूनमध्ये पाचवीच्या चिमुकल्या माझ्यासोबत असतील. परवा दिव्यानीनं विचारलं, काकू, आता आवाज कोण देईल? मी म्हटलं, मी देईन. ती म्हणाली, देऊन दाखवा.

मंडळी, एक सांगते. मालक घरी आले नाहीत तेव्हा सगळं गाव हाका मारत जंगलात शिरलं होतं. मीही होते. पण बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना? लग्नापासून कधी घेतलंच नव्हतं. सगळे त्यांचं नाव घेऊन ओरडत होते आणि मला हाक कशी मारायची तेच कळेना. ती हाक तेव्हापासून इथं घशात होती.

काल या पोरीनं मला बांधाच्या एका टोकाला उभं केलं आणि स्वतः पार दुसऱ्या टोकाला, पळसाखाली गेली. म्हणाली, काहीबी ओरडा. मी डोळे मिटले आणि म्हटलं, “देवराव!”

पळसाखालून उत्तर आलं, “ऐकू आलं, काकू. अजून एकदा.”

मी अजून एकदा म्हटलं. मग आम्ही दोघी हसत सुटलो, का ते विचारू नका.

रंजीता मॅडमचे आभार, किल्लीबद्दल. मुखरूभाऊंचे आभार, घड्याळाकडे न बघितल्याबद्दल. प्रफुल सरांचे, बोरांबद्दल. पोरींनो, तुमचे आभार कशाबद्दल मानू, ते तुम्हालाच ठाऊक. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. आवाज मोठा झाला असेल तर माफ करा. लहान झाला असेल तर मात्र माफ करू नका, मागून ओरडून सांगा. जूनपासून मला त्याच वाटेनं जायचं आहे.