मॅव्हिस वरती झोपलीय

— नाही, तिकडे नको बाई, त्या खुर्चीचं बूड गेलंय, इकडे खिडकीपाशी बसा. दूध घालू ना? मॅव्हिस वरती झोपलीय. दुपारची जरा आडवी होते. उठवायला नको, काय? बायकोचं सगळं मीच बघतो, तेव्हा काय ते माझ्याशीच बोला. — हो हो, कळलं मला फोनवर. नर्स, फिजिओ, कौन्सिलच्या मदतनीस बाया, सगळे आता एका टेबलाशी बसून एकेका माणसाचं ठरवतात, आणि आमच्यासाठी तुम्ही एकट्याच. चांगलंच आहे हो! आधी काय व्हायचं, संडासाच्या खुर्च्या दोन आल्या आणि आंघोळीची एकही नाही. येईल तो तिची जन्मतारीख विचारायचा. मॅव्हिस म्हणायची, एवढी चौकशी करतात तर केक का आणत नाही मेले! हसा की. हसण्यासारखंच आहे.

पण खरं सांगू? तुमच्याकडे वर मान करून बघायची मला लाज वाटतेय. तुम्ही सगळे एकत्र बसलात म्हणजे माझं पितळ उघडं पडलंच असणार. नर्सला मी सांगितलेलं, आमची जिलियन रोज येऊन आईला आंघोळ घालते. जिलियन कॅनडात असते. जिलियनला सांगितलं, कौन्सिलच्या बाया दोन्ही वेळा येतात, तू घोर लावून घेऊ नकोस. आणि कौन्सिलला सांगितलं, नर्स सगळं करते, तुम्ही कशाला तसदी घेता. सगळे वेगवेगळे होते तोवर खपून गेलं. — का म्हणजे? तुम्ही लहान आहात, तुम्हाला नाही कळायचं. शेजारच्या एडिथकडे अशीच एक बाई आली होती, गोड बोलली, चहा प्यायली, आणि पुढच्या आठवड्यात एडिथला वृद्धाश्रमात नेलं. परत आलीच नाही. तेव्हापासून मॅव्हिसनं धसका घेतलाय. बघायला कुणी येणार म्हटलं की आमची धांदल उडते. मी आधी दाराची पायरी घासतो — आमच्या लँकाशायरात पायरीवरून घर ओळखतात — मग तिचे केस, पावडर, शिंपल्याच्या बटणांचा निळा ब्लाउज, की बसवली उशा लावून ताठ. मागच्या वेळी आलेल्या बाई खूश होऊन गेल्या. यांचं झकास चाललंय म्हणाल्या, आणि होती नव्हती तेवढी मदतही बंद केली! कुणाला बोलणार? आपल्याच हातानं केलेलं.

आजही सकाळपासून तेच. तुम्ही येणार म्हणून तिला घाईघाईनं न्हाणीत — काही नाही. बटणं लावायची राहिली, एवढंच. बिस्कीट घ्या ना. — बाथरूम? वरची नको! वर नका जाऊ, पसारा आहे नुसता. मागच्या अंगणात आहे एक, गारठा असतो, पण स्वच्छ आहे, मीच धुतो. — कुठला आवाज? छे, ती नाही हाक मारत. कापडाच्या मिलमध्ये मागावर होती ना ती. मागांच्या त्या खडखडाटात कोण कुणाचं ऐकणार? बायका सगळं ओठांनीच बोलायच्या, आणि मागांना तेल घालता घालता मीही शिकलो. पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती हॉलच्या त्या टोकावरून — पँट फाटलीय मागून! अख्ख्या हॉलला कळलं, मलाच सगळ्यात शेवटी. अर्धांगाच्या झटक्यानं तिची डावी बाजू गेली, आवाज गेला, पण आमचं बोलायचं काही अडलं नाही. म्हणून तर म्हणतो, ती कितीही काही म्हणाली तरी तुम्हाला इथं ऐकू यायचं नाही, ती तिथं पडून —

पडून आहे हो. न्हाणीत, फरशीवर. सकाळपासून. माझ्या हातातून निसटली. उशी दिलीय, दोन पांघरुणं घातलीत, उचलायला गेलो तर मीच खाली बसलो, हातात जोर नाही राहिला. — ॲम्ब्युलन्स? फोन हातात घेतला होता मी. तर ओठांनी म्हणाली, नको क्लिफर्ड, ती बाई येऊन जाऊ दे आधी. आणि मी ऐकलं! तिला तिथं गारठ्यात ठेवून खाली आलो, किटली ठेवली, चांगले कप काढले तुमच्यासाठी. माणूस आहे का मी? सांगा ना, माणूस आहे का मी?

चल पोरी. बूट असू देत. कठडा धर, जिना उभा आहे. — मॅव्हिस, आलो गं. हो, त्यांना घेऊन आलो. रागावू नकोस. — नाही, दुखत नाही म्हणतेय. खोटं बोलतेय, माझ्यासारखीच. — आता? आता तुझ्याकडे बघून विचारतेय, मला न्यायला आलीस का. मी काय सांगू तिला? मी काही सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाही. तूच सांग. खाली बस जरा, तिला तोंड दिसू दे तुझं. मोठ्यानं नको बोलूस. नुसते ओठ हलव, तिला कळतं.