अण्णांच्या विमानाचे पंख

हसू नका, पण मिरजोळ्यात आमच्या शेजारच्या अण्णांनी घरापुढच्या खळ्यात लाकडाचं खरंखुरं विमान बांधलं होतं. मी रोज मधल्या दगडी गडग्यावरून डोकवायचे ना! फक्त पंख जोडायचे राहिले, तेव्हा ते धावपट्टीवरच्या हँगरात जागा मागायला गेले.

तिथला साहेब म्हणाला, "इथे पुरं झालेलं विमान ठेवता येतं, बांधता येत नाही."

"बांधून झालंय. नुसते पंख जोडायचेत."

"म्हणजे बांधायचंच की! घरून जोडून आणा."

अण्णांनी खळ्यातच पंख जोडले. मग विमान अरुंद पाणंदीतून बाहेर निघेना, त्यांच्या चुलतभावाचा गडगा आड येत होता. मीच रदबदलीला गेले.

तो म्हणाला, "वैनी, कोर्टात दावा चालू आहे. एक चिरा हलवू देणार नाही."

अण्णा दिवसभर त्या विमानात बसून राहायचे. जेवायला उतरा म्हटलं, तर म्हणायचे, "आधी वर तर जाऊ दे, वैनी!"

भर पावसाळ्यात ते गेले. गावात चितेला सुकी लाकडं मिळेनात. शेवटी अण्णांची बायको, काकूच म्हणाल्या, "विमान तोडा."

तुकडे झाले, तेव्हा कुठे ते पाणंदीतून बाहेर पडलं. एक पंख चुलतभावाच्याच खांद्यावर होता.