घरजावई सेंटर फॉरवर्ड

ऐंशी साल. विरारच्या एसटीच्या रांगेत निर्मळचे हरेश्वर आणि नंदाखालचे बॅप्टिस्ट यांच्यात कालच्या फुटबॉल फायनलवरून जुंपली होती. मागे पिशवी घेऊन नंदाखालचीच इझाबेल उभी आहे, हे दोघांच्याही ध्यानात नव्हतं.

“काय बॅप्टिस्ट, कप ठेवायला कपाट केलं होतं म्हणे?”

“मीठ चोळू नका, हरेश्वरभाऊ. हरलो आम्ही.”

“हरलात कसे? आमचा सेंटर फॉरवर्ड आग्नेल पळवलात ना!”

“पळवला नाही. गावातच राहणारा खेळाडू हवा, असा नियम. म्हणून रीतसर घरजावई केला.”

“फुटबॉलसाठी पोरगी दिलीत?”

“टीमच्या कमिटीनंच स्थळ सुचवलं. बँड लावून वरात काढली!”

“आणि जावयानं शेवटची पेनल्टी मारली थेट केळीच्या बागेत!”

“तुमच्या गोलात त्याचा सख्खा भाऊ. आई समोर जपमाळ घेऊन बसलेली. नेम चुकला असेल.”

“मग द्या परत पाठवून.”

“चर्चमध्ये लागलंय लग्न. आता जन्मभर सांभाळायचा.”

“पोरगी काय म्हणते?”

“तिला कोण विचारतंय!”

“विचारा की, बॅप्टिस्टकाका,” मागून इझाबेल म्हणाली. “पेनल्टी बागेत घालवा, असं आमच्या ह्यांना मीच सांगितलं होतं.”