दोन्ही बाजू हजर पाहिजेत

मंडळी, काकू, अण्णांच्या घरची सगळी. माईक हातात दिलाय खरा. मी बोलणारी बाई न्हाई. मी शिलाई मशीनवाली कुसुम, अण्णांच्या शेजारची. आज या शोकसभेत अण्णांच्या चांगुलपणाबद्दल बोलणारे बरेच झाले. मी माझ्या भीतीबद्दल बोलते. अण्णांकडं मी रोज तीच घेऊन जायचे.

माझा विशाल तिकडं आखातात बंदरावर क्रेन चालवतो. तिकडं दोन देशांत लढाईची भाषा सुरू झाली अन् माझी झोप गेली. सकाळी अण्णा ओट्यावर पेपर घेऊन बसले की मी हातातलं काम टाकून जायचे. अण्णा, काय म्हणायलेत ते? एक दिवस त्यांनी वाचून दाखवलं. आपल्या सरकारनं सांगितलंय, कुणी एकतर्फी हल्ला करू नये, समोरासमोर बसून बोलावं. मला राग आला. म्हणले, तिकडं बॉम्ब तयार ठेवलेत अन् आपण नुसतं बोला म्हणायचं? कोण ऐकतंय?

अण्णांनी चष्मा काढला. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. नवीन असताना त्यांनी एका बांधाची मोजणी केल्ती. बांधापलीकडचा शेजारी लेकीच्या गावाला गेल्ता. अण्णा थांबले न्हाईत, हद्दीचे दगड रोवून आले. शेजारी परतला, दगड बघितले, अन् कुऱ्हाड घेऊन निघाला. त्या भांडणात एकाचा हात गेला.

अण्णा म्हणले, "कुसुम, माप बराबर होतं. बोटभर चूक नव्हती. फक्त तो तिथं नव्हता."

त्यानंतर दोन्ही बाजू हजर झाल्याबिगर अण्णांनी मोजणीची साखळी उलगडली न्हाई. एकेका बांधासाठी तीन-तीन चकरा मारायचे. लोक हसायचे. तुमच्यातले पण हसले असतील, मी तर हसलेच. म्हणून सरकारची ती ओळ त्यांना लई मोठी वाटायची. दोघांना बसा म्हणणारं कुणीतरी पाहिजेच, म्हणायचे.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांना धड बोलता येत नव्हतं. मला जवळ बोलावलं. विचारलं, "बसले का?" मी त्या दिवशी पेपर बघितलाच नव्हता. मला काहीच ठाऊक नव्हतं. तरी म्हणले, "बसले, अण्णा. दोन्ही बाजू हजर आहेत." मंग त्यांनी डोळे मिटले.

मी खोटं बोलले, मंडळी. ते अजून बसलेले न्हाईत. विशालचा कालपासून फोन न्हाई. मला भीती वाटायलीय, बिलकुल लपवत न्हाई. उद्या सकाळी मी कुणाच्या ओट्यावर जाऊ?

आता सगळे उठू या. अण्णांसाठी दोन मिनिटं गप उभं राहू या. तुमचे मोबाईल बंद करा. माझा मात्र मी चालूच ठेवते. मधेच वाजला तर अण्णा रागावणार न्हाईत, तुम्ही पण रागावू नका. आणि मनातल्या मनात अण्णांना एवढंच म्हणा, तो वाजू द्या.